गंगा कुठवर आली होती

आमच्या घरमालकांनी मला खोली देताना दोन अटी घातल्या. एक, घरात कांदा चिरायचा नाही, कारण त्यांना स्वतःला फार रडू येई. आणि दोन, दर रविवारी सकाळी नळीचं दुसरं टोक धरायचं. कसली नळी, असं मी विचारलं तर म्हणाले, "रविवार येऊ दे." मी नुकताच त्या गावच्या मराठी शाळेवर बदलून आलो होतो. दुसरी खोली मिळण्याची आशा नव्हती, आणि कांद्यावाचून फारसं अडणार नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

गाव नगर जिल्ह्याच्या पार उत्तरेला, नदीच्या काठावर. गोदावरीला आमच्याकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. अलीकडे इंग्रजांचं राज्य, पलीकडे निजामाचं, आणि मध्ये रखमाजी कोळ्याची नाव. पलीकडच्या काठावर निजामाचा करोडगिरीचा नाका होता. तिथं माणसांची गाठोडी सोडून जकातीचा माल शोधत. अलीकडचा घाट म्हणजे दहा-बारा दगडी पायऱ्या आणि चार लोखंडी कड्या, पण गावात त्याला बंदर म्हणण्याची रीत होती. गावाला थोडा ताठा होताच, त्याविषयी पुढं येईल.

घरमालकांना सगळे नाना म्हणत आणि पाठीमागे ओव्हरशेर म्हणत. ते ओव्हरसियर कधीच नव्हते. कॅनॉल खात्यात ओव्हरसियर दुर्बिणीतून बघत असे तेव्हा समोर लांब पट्टी धरून उभा राहणारा माणूस लागे, तो नाना. असे ते तीस वर्षं उभे राहिले होते. "हलू नको" हे एकच वाक्य खात्यानं आपल्याला शिकवलं, असं ते सांगत. पेन्शनीत आल्यावर मात्र त्यांनी बरीच हालचाल केली.

त्यांचा एक स्वभाव होता. कुठंही सपाट जागा दिसली की ती सपाट नाही, हे त्यांना दाखवून द्यावंसं वाटे. हॉटेलात चहा आला की कपातल्या चहाची कड बघत आणि मालकाला सांगत की तुमचं टेबल पूर्वेला चाललं आहे. एकदा शाळेच्या हेडमास्तरांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पान मांडलं, आमटी वाढली. नानांनी पानाकडे पाहिलं आणि पाट सोडून उठले. हेडमास्तरीणबाई घाबरल्या. नाना म्हणाले, "काही नाही वहिनी, तुमची जमीन चुलीपासून दाराकडे दोन बोटं उतरती आहे. आमटी निघाली होती, मी तिला वाट देतो." मग त्यांनी पाट फिरवून घेतला आणि चार वेळा आमटी मागून जेवले. हेडमास्तरांनी आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. त्यात माझा काय दोष, हे मला अजून कळलेलं नाही.

तर रविवार. रविवारी बाजाराला जाणारे-येणारे बंदरावर जमत. नाव भरल्याशिवाय रखमाजी सोडत नसे, आणि नाव भरायला दोन-दोन तास लागत. पायऱ्यांवर बसून कंटाळलेल्या त्या माणसांपुढे नाना जाऊन उभे राहत आणि म्हणत, "नाव भरेपर्यंत गावातली जुनी घरं बघून घ्या." दहा-पंधरा माणसं उठत. फुकट काही बघायला मिळत असेल तर आपला माणूस उठतोच. पुढं नाना, मागं पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागं नळीचं वेटोळं खांद्यावर घेतलेला मी, मराठी तिसरीचा वर्गशिक्षक.

नळी रबराची होती. लढाईच्या दिवसांत रबर औषधाला मिळत नसे, म्हणून नानांनी ते औषधवाल्यांकडूनच मिळवलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या एनिमाच्या टाकाऊ नळ्या जोडून जोडून त्यांनी वीस हात लांबी केली होती आणि दोन्ही टोकांना काचेच्या नळकांड्या बसवल्या होत्या. आत पाणी भरायचं. एक टोक एका भिंतीला, दुसरं दुसऱ्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी बरोबर एका उंचीला उभं राहतं. "पाणी कुणाची भीड ठेवत नाही," नाना म्हणत. नळी मूळची कशाची, हे पाहुण्यांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

जुनी घरं दाखवायची म्हणजे तुळया, कोरीव खांब, कोण सरदार कुठं मुक्कामाला होता, असं काही माणसाला वाटतं. नाना खांबांकडे बघतही नसत. ते दाखवत पुराच्या खुणा. आमच्या गावात चाल अशी, की पुराचं पाणी उंबऱ्याच्या आत आलं की गंगा घरी आली. घरातल्या सवाशिणीनं तिची खणा-नारळानं ओटी भरायची आणि पाणी भिंतीला जिथं टेकलं असेल तिथं कुंकवाची पाच बोटं उठवायची. पूर ओसरला की आठ दिवसांनी गवंडी येऊन त्या जागी छिन्नीनं रेघ मारी आणि तीत शेंदूर भरी. मोठा पूर येऊन गेल्याला तीसएक वर्षं झाली होती, पण त्या पुराच्या शेंदरी रेघा घराघरांत होत्या. लोक सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांना रेघेखालीच बसवत.

"कुंकू आणि छिन्नी यांच्यामध्ये आठ दिवस जातात," नाना पाहुण्यांना समजावत. "या गावात त्या आठ दिवसांत पाणी वाढतं."

कारण उघड होतं. जितकी गंगा वर, तितका घराचा मान मोठा. शेजाऱ्याकडे कमरेपर्यंत आली तर आपल्याकडे गुडघ्यापर्यंत कशी दाखवायची? नानांनी नळीनं एकेक घर मोजून काढलं होतं. घरधन्याच्या तोंडावर खोटं हा शब्द ते कधी वापरत नसत. ते म्हणत, "हे घर हातभर जास्त बोलतं." सोनारांचं घर सव्वा हात जास्त बोलत होतं. कासारांचं दोन हात. देशमुखांच्या घराबद्दल ते गल्लीतूनच बोलत, कारण आत यायला बंदी होती. देशमुखांचं घर गावात सगळ्यांत उंचावर, आणि तिथं कमरेइतक्या उंचीवर रेघ होती, शेंदराऐवजी चांदीची पट्टी ठोकलेली. "इथं गंगा उंबऱ्याच्या सात हात खालूनच परत गेली," नाना रस्त्यावर उभे राहून सांगत. "चांदी मात्र चांगली आहे. पुढं चला."

एकदा या यात्रेत एक नवरदेवच सापडला. मुंडावळ्या बांधून पलीकडे लग्नाला निघालेला. नानांनी त्याला सोनारांच्या भिंतीशी नळीचं टोक धरून उभा केला, कारण त्या दिवशी माझं बोट चिमटलं होतं. पोरगा बिचारा आज्ञाधारक. बंदरावरून रखमाजी ओरडत होता, "नाना, नाव भरली! नवरा सोडा!" नाना म्हणाले, "पाणी अजून थरथरतंय. थरथरत्या पाण्याचं माप घेत नाहीत." दुपारचा मुहूर्त हुकला आणि लग्न गोरजावर गेलं. मुलीचा बाप पुढल्या रविवारी जाब विचारायला नदी ओलांडून आला. नानांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला कासारांचं घर दाखवलं.

गाव त्यांना सांभाळून घेई, कारण त्यांचं कुणी ऐकत नसे. त्यांचं बोलणं म्हणजे रविवारची करमणूक, एवढंच. ते खरं मानायची वेळ आमच्यावर एका उन्हाळ्यात आली.

त्या उन्हाळ्यात प्रांतसाहेब आले. सरकारनं ठरवलं होतं, की नदीकाठच्या गावांत पुराचं पाणी ज्या घरांत कमरेच्या वर येतं, ती घरं तिथून उठवून उंच जागी न्यायची. हेतू चांगलाच होता. उंच जागा म्हणजे गावाबाहेर दीड कोसावरचा माळ, जिथं पाणी प्यायलाही नाही. साहेब कागद, फीत आणि दोन शिपाई घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, "मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?"

हा प्रश्न आमच्या गावाला विचारायचा नव्हता. जो तो साहेबांना आपल्या घरी नेऊ लागला. सोनारांनी रेघ दाखवली, कासारांनी दाखवली, चहा झाला. देशमुखांनी चांदीची पट्टी पुसून ठेवली होती. साहेब कामाचे होते. त्यांनी फीत लावली आणि हिशेब केला, की पाणी जर इथं कमरेइतकं होतं, तर खाली बंदराजवळ कोळ्यांच्या आळीत ते दहा हात असणार. उंचावरच्या घरांना धोका नाही, पण कोळ्यांची सतरा घरं माळावर हलवायची. त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

कोळी बंदरापासून दीड कोसावर राहिले तर नाव कोण चालवणार, जाळी कुठं वाळणार? रखमाजी साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. "सायेब, दहा हात पानी न्हाई आलं. आमच्याकडं गुडघाभर आल्तं. दहा हात आलं असतं तर म्या आज हितं बोलाया असतो का?"

साहेब म्हणाले, "तुम्हाला जायचं नाही, म्हणून तुम्ही गुडघाभरच म्हणणार."

"मग ह्यास्नी इचारा की!" रखमाजीनं मागं हात केला. मागं सगळी मानाची माणसं उभी होती. सोनार पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. कासारांना खोकला आला. कुणाच्याही मनात कोळ्यांचं वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आपल्या मेलेल्या आजीनं कुंकू खोटं लावलं, हे चारचौघांत कोण म्हणणार? दादासाहेब देशमुख एवढंच म्हणाले, "आमच्या मातोश्रींनी स्वतः ओटी भरली होती."

तेवढ्यात नाना पुढं झाले. नळी माझ्या खांद्यावर होती.

"साहेब, रखमाजी बरोबर आहे. मी सगळं गाव मोजलं आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे, मग नळीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मराठी शाळेचा नोकर, मी वेटोळं हळूच पाठीमागे सरकवलं. साहेब म्हणाले, "म्हणजे ही सगळी घरं खोटी आणि तुम्ही एकटे खरे?"

मी वळून नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. तीस वर्षं पट्टी धरून उभे राहिले तसे ते उभे होते. मग म्हणाले, "नाही साहेब. माझंही घर आहे. चला."

आमचं घर गावाच्या अगदी शेवटाला होतं आणि त्याची एक भिंत रखमाजीच्या घराशी सामाईक होती. अलीकडे नाना, पलीकडे रखमाजी, दोन्हीकडची जमीन एका पातळीत, फक्त आमचं घर कोळ्यांच्या आळीत मोजत नसत, म्हणून ते साहेबांच्या यादीत नव्हतं. माजघरात त्या भिंतीवर नानांचा खात्याचा जुना कोट टांगलेला असे. दोन वर्षं मी त्या कोटाशेजारून जात-येत होतो. नानांनी तो खुंटीवरून काढला. खाली शेंदरी रेघ होती, आणि तिच्यावर पाच बोटं. छातीच्या उंचीला.

"अडीच हात," नाना म्हणाले.

मग आम्ही सगळे वळसा घालून रखमाजीच्या घरात गेलो. त्याच भिंतीला पलीकडून एक लोखंडी कडी होती. कोळ्यांच्यात गंगेची ओटी बंदरावरच भरतात, घरात खुणा करत नाहीत. पूर आला की ते नाव दारात आणतात, दोर आत घेतात आणि पाण्याच्या उंचीला भिंतीत कडी ठोकून तिला बांधतात. कडीखालचा दगड दोरीनं घासून खोलगट झाला होता. कडी गुडघ्याच्या थोडी वर, जमिनीपासून एक हातावर होती. मी नळीचं एक टोक आमच्या खुंटीला अडकवून दुसरं दारातून फिरवून आणलं, नानांनी ते कडीशेजारी धरलं. पाणी स्थिर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"एकाच भिंतीला दोन खुणा," साहेब म्हणाले. "दीड हाताचं अंतर. यातली खोटी कोणती?"

आता सगळं त्या एका उत्तरावर होतं. दारात कोळ्यांच्या बायका उभ्या होत्या, त्यांच्या मागं गाव. नाना म्हणाले, "माझ्या घरातली."

"कुणी केली ती?"

"माझ्या बायकोनं."

"त्यांना बोलवा."

"ती वारली साहेब. पुरानंतर पाच वर्षांनी."

मग साहेबांनी जे विचारलं ते सरकारी कामाचं नव्हतं. "त्यांनी असं का करावं?"

"मी नव्हतो," नाना म्हणाले. "पूर आला तेव्हा मी कॅनॉलवर होतो. चार दिवसांनी आलो. तिनं मला भिंत दाखवली. म्हणाली, छातीभर पाण्यात डोक्यावर देव घेऊन उभी होते. गवंड्याला तिनंच बोलावलं."

"तुम्हाला रजा मिळाली नाही?"

"मागितली नाही. तिकडं पाण्याची पातळी घ्यायची होती."

कुणी हसलं नाही. साहेबांनी वही उघडली, मघाचं पान खोडलं आणि नवीन लिहिलं. दादासाहेब देशमुख दारातून मागं सरले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी साहेब गेले. कोळ्यांची आळी जागच्या जागी राहिली, फक्त बंदराच्या दोन पायऱ्या सरकारी खर्चानं वाढल्या.

त्या संध्याकाळी मी नानांना विचारलं, की हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं. ते चुलीपाशी बसले होते. "पेन्शनीत आलो, नळी केली, तेव्हा पहिली भिंत हीच मोजली," ते म्हणाले. "मग बाकीचं गाव मोजत सुटलो." मी त्यांना दोन वर्षं विक्षिप्त समजत आलो होतो, त्याची मला त्या वेळी फार लाज वाटली. दुसऱ्यांची खोटी घरं धुंडाळत हा माणूस आपल्या बायकोला सोबत शोधत होता. सोनाराच्या बायकोनं वाढवलं, कासाराच्या आईनं वाढवलं, मग हिनं वाढवलं तर काय बिघडलं, असं त्याला स्वतःला पटवायचं होतं. ते पटत नव्हतं, कारण त्या बायकांनी मानासाठी वाढवलं होतं, आणि हिनं घरी नसलेल्या नवऱ्याला दाखवण्यासाठी.

थोड्या वेळानं रखमाजी आला. हातात हातोडा. म्हणाला, "नाना, सायेब गेला. आता म्या कडी वर ठोकतो. वयनीच्या रेघंइतकी. दोनी बाजूनं सारकंच दिसंल. कोन बघाया येतंय?"

नाना म्हणाले, "आणि पूर आला की नाव कुठं बांधशील? आढ्याला?"

"तुमच्यासाठी म्हनलं," रखमाजी म्हणाला, आणि हातोडा मांडीवर ठेवून तिथंच बसला. मी चहा टाकला. कपातल्या चहाची कड त्या दिवशी कुणी बघितली नाही.

पुढल्या रविवारी बंदरावर माणसं जमली तशी नाना गेले. मला वाटलं होतं, आता हे बंद होईल, किंवा मी तरी नळी धरणार नाही. दोन्ही झालं नाही. मात्र त्या दिवशी त्यांनी मंडळींना सोनारांकडे न नेता थेट आमच्या घरी आणलं. माजघरात कोट नव्हता. बाजाराच्या टोपल्या घेऊन आलेली पंधरा-वीस माणसं त्या लहानशा खोलीत दाटीनं उभी राहिली.

नानांनी भिंतीवर एक हाताच्या उंचीला बोट ठेवलं. "गंगा इथवर आली होती," ते म्हणाले. मग बोट वर सरकवत शेंदरी रेघेपर्यंत नेलं. "यावरचं दीड हात पाणी माझं आहे."

लोकांना काही कळलं नाही. एकानं नाव भरली का ते विचारलं. पुढं उभी असलेली एक म्हातारी, बहुतेक पलीकडच्या काठावरची, रेघेवरच्या पाच बोटांपाशी गेली. तिनं आपली बोटं त्यांच्यावर ठेवून पाहिली.

"बाई एकलीच हुती व्हय घरात?" तिनं विचारलं.

"होय," नाना म्हणाले. "एकटीच होती."